आधी नाव सांग

अगं, तुझा मेसेज रात्रीच वाचला. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असा तो नव्हता, म्हणून थांबले. ह्यांची सकाळची ड्यूटी आहे, पोरं शाळेत गेलीत, बाहेर लोणावळ्याचं धुकं एवढं उतरलंय की नागफणीचा कडा कुठे आहे ते ठाऊक असलेल्यालाच कळावं. कुकर होईपर्यंत मला कुणी हाक मारणार नाही. तर बोलू.

“ताई, मी नक्की कोण आहे तेच कळेनासं झालंय,” असं तू लिहिलंस. ऑफिसात आडनावावरून कुणी तुला ख्रिस्ती समजत नाही, आणि समजलं की लगेच विचारतात, गोव्याची का? मग, मराठी किती छान बोलतेस गं! पीजीतल्या मैत्रिणी ज्या प्रार्थनासभेला नेतात तिथे सगळं इंग्रजीत आणि गिटारवर. तिथे विचारतात की तुझं तारण कोणत्या दिवशी झालं, आणि तुझ्याकडे तारीख नाही. नगरला गेलीस की मंडळीतल्या मावश्या आधी तुझ्या कपाळावरच्या टिकलीकडे बघतात, मग तुझ्याकडे. एका मुलीला तीन ठिकाणी तीन वेगळे हिशेब द्यायचे म्हणजे जीव दमणारच.

ऑफिसवाल्यांचं सोपं आहे, ते आधी उरकू. पुढच्या वेळी कुणी गोवा काढला तर सांग, की फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज येशूसंघीयाने १६१६ साली मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापलं, आणि ते छापलं गोव्यातच, म्हणजे गोवा म्हटलं तरी मराठी सुटत नाही. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आलं, ज्ञानोदय १८४२ मध्ये निघालं. रेव्हरंड टिळकांचे अभंग आहेत, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची स्मृतिचित्रे आहेत. २०२० साली धाराशिवला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. एवढं ऐकवलंस की समोरचा चहा पिऊन गप्प बसेल. पण हे सगळं त्याला गप्प करायला ठीक आहे, रात्री तुला झोप यायला त्याचा उपयोग नाही. टिळक मोठे होते म्हणून तुला तुझा देव आपोआप भेटला, असं होत नाही.

आणखी एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण मला माहीत आहे, कारण आपल्याकडच्या प्रत्येक घरात ती आहे. फॉर्मवरचा जातीचा रकाना. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, पुढे शीख आणि बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. त्यामुळे कुणाच्या घरी दाखल्यावर एक लिहिलेलं असतं आणि रविवारी दुसरं जगलं जातं, कुणाच्या घरी खरं लिहून फी भरायला काही गहाण ठेवलेलं असतं. गावाने विटाळ पाळायचा तो पाळलाच, वर कागदाने विचारलं की आता तुम्हाला कसली जात! याचा निवाडा प्रार्थनेने होणार नाही, त्याला कायदाच लागेल, आणि त्यासाठी भांडणारी माणसं भांडतायत. पण त्या रकान्यापाशी तुला जी लाज वाटते, जो राग येतो, तो प्रार्थनेच्या खोलीबाहेर चपलांसारखा काढून ठेवू नकोस. तोही घेऊन आत जा. देवासमोर चांगलं-चांगलं तेवढंच बोलायची आपल्याला सवय लागली आहे, आणि मला विचारशील तर तुझी अर्धी अडचण तिथेच आहे.

याकोबाची गोष्ट संडे स्कूलमध्ये तू पाठ केली होतीस, बक्षीसही मिळालं होतं. आता ती पुन्हा वाच, पण उत्पत्तीचा सत्ताविसावा आणि बत्तिसावा असे दोन अध्याय एका बैठकीत वाच. पहिल्यात म्हातारा आंधळा इसहाक पोराला विचारतो, तू कोण? आणि आशीर्वाद पाहिजे म्हणून याकोब सांगतो, मी एसाव. भावाचे कपडे घातलेत, हातांवर करडाचं कातडं बांधलंय, सगळी तयारी चोख. आशीर्वाद मिळतोही. आणि मग वीस वर्षं तो परमुलखात राबतो, फसवतो, फसतो. दुसऱ्या अध्यायात तो परत निघालाय, यब्बोकच्या काठी रात्री एकटा उरलाय, आणि कुणीतरी त्याच्याशी पहाटेपर्यंत झुंजतो. तेव्हाही त्याला आशीर्वादच हवा असतो. आणि पुन्हा तोच प्रश्न येतो, तुझं नाव काय? या वेळी तो म्हणतो, याकोब.

मला वाटतं, सगळी प्रार्थना त्या उत्तरात आहे. एसावच्या नावाने मागितलेला आशीर्वाद त्याला मिळाला खरा, पण तो अंगी लागला नाही. स्वतःचं नाव सांगितलं, त्या नावासोबत केलेली सगळी लबाडी आली, आणि त्यानंतरच देवाने त्याला नवं नाव दिलं. शिवाय तो लंगडत निघाला, हेही लिहून ठेवलंय. आपले पाळक नव्या नावावर प्रवचन देतात, लंगडण्यावर फारसं कुणी देत नाही.

आता तू कोणाकोणाचे कपडे घालून प्रार्थनेला बसतेस ते बघ. नगरच्या मंडळीत बसलीस की आजोबांच्या भाषेत बोलतेस, “हे कृपाळू पित्या, आम्ही तुझी अपात्र लेकरे तुझ्या चरणी नम्र होतो.” सुंदर भाषा आहे, मला आवडते, उपासनेत तीच शोभते. पण रात्री साडेअकराला पीजीच्या खाटेवर ती तुझी नाही. आणि त्या गिटारवाल्या सभेत इंग्रजीत जे बोलतेस तेही उसनंच. तू रडतेस कुठल्या भाषेत? आईशी भांडतेस कुठल्या भाषेत? त्या भाषेत देवाशी बोल. “देवा, आज मला त्या पोरीचा इतका राग आला की विचारू नकोस” असं सुरू कर. आपल्या मुलखात लोकांनी देवाला अरे-तुरे केलंय, त्याच्याशी कडाकडा भांडण केलंय. इथून तुकोबांचं देहू किती लांब आहे? टिळक तर सांगत असत की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी अभंग सोडला नाही, कीर्तन सोडलं नाही. मग आपण का म्हणून अनुवाद केल्यासारखी प्रार्थना करायची?

बायबलातली स्तोत्रं काढून बघ, कितीतरी तर तक्रारीच आहेत. एकशे एकोणचाळिसावं सगळे फ्रेम करून लावतात, पण त्याच्या शेवटी दावीद शत्रूंवर किती चिडलाय ते फ्रेममध्ये कुणी घेत नाही. आणि त्या चिडण्यानंतरच तो देवाला म्हणतो की माझं मन तपासून बघ.

बरं, साक्षीचं. पुढच्या महिन्यात तरुण संघात साक्ष द्यायला सांगितलीय आणि तुझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही, म्हणून तू घाबरलीस. दारू सोडली नाही, आजारातून उठली नाहीस, जन्मापासून ख्रिस्ती घरात वाढलीस. मग मी ख्रिस्ती झाले तरी कधी, असं तुला वाटायला लागलं.

तर पंडिता रमाबाईंचं ऐक. त्यांच्याकडे सांगण्यासारखं इतकं होतं की दहा जणींना पुरलं असतं. रानात वाढलेलं बालपण, पाठ असलेलं संस्कृत, दुष्काळात गेलेले आई-वडील, कलकत्त्यात पंडिता म्हणून झालेला गौरव, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत आलेलं वैधव्य, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात गदारोळ. म्हणजे जगाच्या लेखी त्यांची ओळख ठरून गेली, छापून आली, शिव्यांसकट. आणि पुढे स्वतःच्या जीवनसाक्षीत त्याच बाई लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळलं, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, ख्रिस्त अजून भेटला नव्हता. आठ वर्षं गं! त्या काळात त्या काही रिकाम्या बसल्या नव्हत्या. अमेरिका फिरल्या, पुस्तक लिहिलं, मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुण्याला आणलं. हे सगळं करतानाही आतली बैठक बसलेली नव्हती, आणि हे कबूल करायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

आणखी एक मला त्यांचं फार आवडतं. वाँटेजच्या सिस्टरांवर त्यांचा जीव होता, पण म्हणून त्यांनी सांगितलेलं सगळं त्या मुकाट मानत नव्हत्या. मांस खायचं नाही म्हणजे नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, मला कळतील अशी का नकोत, म्हणून वाद. त्रैक्याच्या सिद्धांतावर वाद, तोही पत्रांतून, पानंच्या पानं. सिस्टर जेराल्डिन अगदी बेजार झाल्या होत्या. पण शेवटी रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला बसून अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळावं म्हणून, आणि मुक्ती मिशनच्या मुलींनी तिथेच छापखान्यात खिळे जुळवले. १९२२ मध्ये बाई गेल्या, पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. तेव्हा टिकली, साडी, गिटार असल्या गोष्टींवरून तुला कुणी ख्रिस्तीपणाचं प्रमाणपत्र द्यायला किंवा काढून घ्यायला लागलं, तर केडगावच्या या बाईंना आठव. पुण्याहून दौंडकडे जाणारी लोकल केडगावला थांबते, एखाद्या शनिवारी जाऊन ये.

साक्षीबद्दल माझं मत विचारशील तर, आत्ता देऊ नकोस. पाळकांना सरळ सांग की अजून तयार नाही. आणि त्यांनी फारच आग्रह केला तर उभी राहून एवढंच सांग की मला तारीख माहीत नाही, मी रोज रात्री दहा मिनिटं प्रार्थनेला बसते आहे. दोन-तीन मुली नंतर बाजूला घेऊन तुला म्हणतील की आमचंही असंच आहे. बघच.

आता बसायचं कसं ते. यासाठी मला बाहेर जावं लागलं नाही, कारण लोणावळ्यातच एका माणसाने ते शिकवलं होतं. फादर अँथनी डिमेलो. मूळ गोव्याचे, जन्म मुंबईचा, १९३१ चा. येशूसंघीय. पुण्यात त्यांनी सुरू केलेली साधना संस्था पुढे लोणावळ्यात आली. १९७८ मध्ये त्यांचं ‘साधना’ हे पुस्तक निघालं, आणि १९८७ मध्ये न्यूयॉर्कला ते गेले. आपण प्रॉटेस्टंट, ते कॅथलिक. आजोबा असते तर त्यांनी भुवई उंचावली असती. एक सांगून ठेवते, नाहीतर उद्या कुणी तुला सांगेल आणि तू दचकशील. १९९८ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या काही लिखाणाबद्दल इशारा दिला आहे, त्यातली काही मतं कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत म्हणून. शेवटच्या काळातलं त्यांचं काही मलाही पटत नाही. पण ‘साधना’तलं बसणं मात्र मला मानवलं.

त्यात सुरुवात शब्दांनी होत नाही. खांद्याला कपड्याचा स्पर्श कळतोय का, पाठ कशाला टेकली आहे, मांडीवर हात कसे आहेत, एवढंच बघायचं. मग कानावर येणारे आवाज. तुझ्या पीजीत हॉर्न आणि शेजारणीचा ड्रायर असेल, माझ्याकडे वारा आणि पत्र्यावरचा पाऊस, आणि रात्री घाटातून चढणाऱ्या गाड्यांचा घरघराट. आवाज चांगला की वाईट ते ठरवायचं नाही. असं केल्याने काय होतं? दिवसभर चेहरा सांभाळायला बाहेर गेलेले आपण जरा घरी येतो. नंतर जे बोलतो त्यात खोटं कमी असतं.

पुढचा एक प्रकार त्यांनी अविलाच्या संत तेरेसाकडून घेतला आहे, सोळाव्या शतकातल्या स्पेनच्या बाई. ख्रिस्त समोर आहे आणि तुझ्याकडे बघतो आहे, एवढंच मनात धरायचं. तू काही मागायचं नाही, सांगायचं नाही. आणि बघतो आहे तो प्रेमाने आणि नम्रतेने. प्रेमाने बघतो हे आपण लगेच मानतो, संडे स्कूलपासून ऐकलंय. नम्रतेने बघतो, इथे माझी गाडी अडली. मला तो बघायचा तो वरून, वही तपासणाऱ्या बाईंसारखा. तुझंही तसंच असणार, आपण एकाच घरात वाढलो. तिथे थांब, घाई करू नकोस. नथनेल अंजिराखाली बसला होता तेव्हा येशूने त्याला आधीच पाहिलं होतं, हे योहान लिहितो. तो तिथे काय करत होता हे मात्र लिहीत नाही. कुणाच्या तरी नजरेत आपण आधीच आहोत आणि तरी काही सिद्ध करायला नको, हे अंगात मुरायला वेळ लागतो. पण ते जसजसं मुरतं तसतसं ऑफिसातल्या प्रश्नाचं काट्यासारखं टोचणं कमी होतं. प्रश्न येतातच, अजूनही येतात. मला इथे बाजारात पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, तुम्ही नाताळवाले ना? मी हो म्हटलं आणि पाव किलो मिरच्या घेतल्या.

रोज काही होईल असं समजू नकोस. बरेच दिवस काहीच होत नाही. १९०५ मध्ये रमाबाईंच्या मुक्तीत प्रार्थनेची लाट आली, मुली रडल्या, रात्र-रात्र बसल्या, जगभर बातमी गेली. ते खरं होतं. पण त्याच मुक्तीत हजारो साध्या सकाळीही होत्या, दळणाच्या, शिवणाच्या, पाठांतराच्या, त्यांची बातमी झाली नाही. तू त्यांतली एक सकाळ समज.

आणि मंडळी सोडू नकोस. मावश्या टिकलीकडे बघतात म्हणून जायचं टाळशील, तर महिन्या-दोन महिन्यांत तुझा देव तुझ्याच मापाचा होऊन बसेल. मला तर पावसाळ्यात उपासनेला जाणं हीच एक साधना आहे. जुलैच्या रविवारी भुशी धरणाकडे येणाऱ्या गाड्यांची अशी रांग लागते की खाली लोणावळ्याला पोचेपर्यंत पहिलं गीत होऊन जातं, कधी शास्त्रपाठही. मी मागच्या बाकावर जाऊन बसते. तिथे शेजारी बसणाऱ्या आजींचं आणि माझं एकाही बाबतीत पटत नाही, पण प्रभुभोजनाची भाकर त्या माझ्याकडे देतात तेव्हा मी याकोबासारखं स्वतःचं नाव सांगायचं शिकते.

लक्ष्मीबाई टिळकांचंही लक्षात ठेव. नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांनी पाच वर्षांनी, १९०० मध्ये. नवऱ्याकडे परत आल्यावरही स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मग विचार करत-करत त्यांचं त्यांनाच उमगलं आणि सोवळं गळून पडलं. कुणी ओढलं म्हणून नव्हे. त्या घाईत नव्हत्या, तर तू का असावीस? स्मृतिचित्रे वाचली नसशील तर आईच्या कपाटातून घेऊन जा, हसून हसून पोट दुखेल. ख्रिस्ती पुस्तकांत हसू येणारी थोडी असतात.

एक जरा गंभीर. झोप लागत नाही, जेवण जात नाही, असं तू लिहिलंयस. पंधरा-वीस दिवस तसंच राहिलं तर डॉक्टरला दाखव. प्रार्थनेत विश्वास कमी पडला म्हणून असं होतंय असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे पाठव. एलिया मरणाची प्रार्थना करून झुडपाखाली झोपला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, उठवून भाकर आणि पाणी दिलं, दोनदा.

इकडे ये, पण शनिवार-रविवार नको, अर्धा वेळ वाहतुकीतच जाईल. मधल्या वारी रजा काढ. आपण नागफणीच्या कड्याकडे जाऊ. खालच्या बाजूला उंबरखिंडीची वाट आहे, १६६१ साली कारतलबखानाची फौज अडकली तीच. तुझ्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायला लागणार नाही, घाबरू नकोस. गप्प बसू.

आता राहिला तुझा शेवटचा प्रश्न, जो तू कंसात लिहिलायस, म्हणजे तोच तुला सगळ्यांत जास्त छळत असणार. कँटीनमध्ये जेवणाआधी डोळे मिटायचे की नाही? मिटले तर सगळे बघतात, नाही मिटले तर आपण लाजलो असं वाटतं. अगं, येशूने दार लावून प्रार्थना करायला सांगितली आहे, मत्तयच्या सहाव्या अध्यायात बघ. आणि लाजू नका असंही इतर ठिकाणी सांगितलंय, त्यामुळे वचन शोधून या भांडणाचा निकाल लागायचा नाही. ज्या दिवशी सहज मिटतील त्या दिवशी मिट, ज्या दिवशी लोक बघतात का हेच डोक्यात असेल त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी डब्याचं झाकण काढता-काढता म्हण. आणि आईने मेथीचे पराठे पाठवलेत म्हणे, तर समोरच्या त्या गोवावाल्या मुलीलाही एक दे.